ऑब्जेक्टचे संग्रह एक्सएमएलमध्ये उतरवताना: जॅक्सबी ॲनोटेशनचा सविस्तर वापर

जावामध्ये एका सुट्या ऑब्जेक्टचे एक्सएमएल करणे फारसे अवघड नाही. जॅक्सबी ही ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांच्यात रूपांतर करणारी जावाची व्यवस्था. क्लासवर तिचे एक ॲनोटेशन दिले की काम बहुतेक झालेले असते. त्या ऑब्जेक्टमध्ये लिस्ट, सेट किंवा मॅप आला की मात्र निर्णय घ्यावे लागतात. यादीभोवती वेगळा टॅग हवा का, रिकामी यादी आणि नसलेली यादी यांतला फरक फाइलमध्ये दिसायला हवा का, एकाच यादीत वेगवेगळ्या प्रकारचे ऑब्जेक्ट असतील तर परत वाचताना ते कसे ओळखायचे, हे सगळे आधी ठरवावे लागते. त्यातच संग्रहाची मांडणी चुकली तर जॅक्सबी बहुतेक वेळा गप्प बसते. नावातले एक अक्षर चुकले तरी एक्सेप्शन येत नाही, यादी नुसती रिकामी हाती येते आणि चूक पुढे कुठल्यातरी अहवालात उघडकीस येते. म्हणून या लेखात प्रत्येक ॲनोटेशनच्या वापराबरोबरच ते कुठे मुकाट्याने चुकते हेही सांगितले आहे.

उदाहरणासाठी एसटीचा एक मार्ग घेतला आहे. मार्गावरचे थांबे, दिवसभरातल्या फेऱ्या, सुविधा आणि तिकिटातल्या सवलती अशा चार तऱ्हांचे संग्रह त्यात आपोआप येतात. जावातले शब्द आणि ॲनोटेशनची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, आणि मूळ नावात जिथे मधले मोठे अक्षर येते तिथे वाचनाच्या सोयीसाठी आडवी रेघ दिली आहे. प्रत्यक्ष कोडमध्ये ती नावे मूळ स्पेलिंगनेच, रेघेशिवाय लिहावीत. क्लासची, फील्डची आणि एक्सएमएल टॅगची नावे मात्र देवनागरीतच ठेवली आहेत, कारण जावा आणि एक्सएमएल दोन्हींना ती चालतात.

तयारी

जॅक्सबी २.० ही आवृत्ती जेएसआर २२२ (जावाच्या प्रमाणांचा एक प्रस्ताव) म्हणून २००६ मध्ये आली आणि जावा ६ पासून ती जेडीके या जावाच्या विकास-संचातच मिळू लागली. जावा ९ मध्ये ती काढून टाकण्यासाठी चिन्हांकित झाली आणि २०१८ मध्ये जावा ११ मधून खरोखरच काढली गेली. त्यामुळे आजच्या प्रकल्पात दोन डिपेंडन्सी स्वतः जोडाव्या लागतात: एक जकार्ता एक्सएमएल बाइंडिंगची एपीआय आणि दुसरी ग्लासफिशचे जॅक्सबी रनटाइम. नुसती एपीआय जोडली तर कोड कंपाइल होतो, पण कॉन्टेक्स्ट (क्लास आणि टॅग यांची जुळणी सांभाळणारा जॅक्सबीचा ऑब्जेक्ट) तयार करताना अंमलबजावणी सापडत नसल्याची तक्रार येते.

३.० या आवृत्तीपासून पॅकेजच्या नावातला ‘जावाएक्स’ जाऊन तिथे ‘जकार्ता’ आले. जुन्या प्रकल्पाचे स्थलांतर करताना एखाद्या क्लासमध्ये जुने इम्पोर्ट राहून गेले तर नव्या रनटाइमला त्या क्लासवरची ॲनोटेशन दिसतच नाहीत. मग डोळ्यांसमोर एक्सएमएल-रूट-एलिमेंट लिहिलेले असूनही ते नसल्याचा संदेश येतो. असे झाले की सर्वांत आधी इम्पोर्टच्या ओळी पाहाव्यात.

आधी एक्सएमएल, मग क्लास

क्लास लिहून त्यातून जे एक्सएमएल निघेल ते स्वीकारायचे, ही पद्धत मला पटत नाही. फाइल वाचणारी दुसरी बाजू अनेकदा वेगळ्या भाषेत लिहिलेली असते आणि एकदा ठरलेली रचना पुढे बदलणे महागात पडते. म्हणून हवे असलेले एक्सएमएल आधी हाताने लिहून काढावे. आपल्या मार्गासाठी ते असे आहे:

```
<मार्ग क्रमांक="12">
  <नाव>पुणे ते कोल्हापूर</नाव>
  <थांबे>
    <थांबा संकेत="थ1"><नाव>स्वारगेट</नाव></थांबा>
    <थांबा संकेत="थ2"><नाव>सातारा</नाव></थांबा>
    <थांबा संकेत="थ3"><नाव>कराड</नाव></थांबा>
    <थांबा संकेत="थ4"><नाव>पेठ नाका</नाव></थांबा>
    <थांबा संकेत="थ5"><नाव>कोल्हापूर</नाव></थांबा>
  </थांबे>
</मार्ग>
```

यासाठीचा क्लास असा होईल:

```
@एक्सएमएल-रूट-एलिमेंट(नेम = "मार्ग")
@एक्सएमएल-ॲक्सेसर-टाइप(एक्सएमएल-ॲक्सेस-टाइप.फील्ड)
पब्लिक क्लास मार्ग {

    @एक्सएमएल-ॲट्रिब्यूट
    प्रायव्हेट स्ट्रिंग क्रमांक;

    प्रायव्हेट स्ट्रिंग नाव;

    @एक्सएमएल-एलिमेंट-रॅपर(नेम = "थांबे")
    @एक्सएमएल-एलिमेंट(नेम = "थांबा")
    प्रायव्हेट लिस्ट<थांबा> थांबे = न्यू ॲरे-लिस्ट<>();
}
```

दोन ॲनोटेशनची कामे वेगळी आहेत. रॅपर बाहेरच्या टॅगला नाव देतो, तर एलिमेंट आतल्या प्रत्येक घटकाला. एलिमेंटचे नाव दिले नाही तर जॅक्सबी फील्डचेच नाव घेते आणि ‘थांबे’ टॅगच्या आत पुन्हा ‘थांबे’ टॅगांची रांग तयार होते. अनेकवचन आणि एकवचन यांतला फरक ती आपण होऊन ओळखत नाही, म्हणून दोन्ही नावे स्पष्ट लिहावीत.

बाहेरचा टॅग न देताही यादी उतरवता येते. तेव्हा सगळे थांबे थेट मार्गाच्या आत एकाखाली एक येतात. फाइल थोडी लहान होते, पण एक माहिती हरवते: यादी नल होती की रिकामी होती, हे एक्सएमएलवरून कळत नाही, कारण दोन्ही वेळा काहीच लिहिले जात नाही. रॅपर असेल तर नल यादीसाठी टॅग गाळला जातो आणि रिकाम्या यादीसाठी रिकामा टॅग लिहिला जातो. ‘थांब्यांची माहिती पाठवलेली नाही’ आणि ‘या मार्गावर मधले थांबे नाहीत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे मी जवळजवळ प्रत्येक यादीला रॅपर देतो. यादीतल्या नल घटकांचे मात्र वेगळे आहे. एलिमेंटवर निलेबल दिलेले नसेल तर असे घटक लिहिताना वगळले जातात आणि परत वाचलेली यादी मूळ यादीपेक्षा आखूड भरते.

रॅपरची एक मर्यादा लक्षात ठेवावी. त्या टॅगला ॲट्रिब्यूट देता येत नाही. ‘थांबे’ टॅगवरच एकूण अंतर लिहायचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र क्लास करून त्यात ॲट्रिब्यूट आणि लिस्ट दोन्ही ठेवावे लागतात. तसेच मार्गांची नुसती लिस्टही थेट मार्शल होत नाही, म्हणजे एक्सएमएलमध्ये लिहिली जात नाही. ॲरे-लिस्टवर रूट एलिमेंट नसल्याची चूक येते, म्हणून ‘मार्गसूची’सारखा एक बाहेरचा क्लास लागतो.

फील्डवर की गेटरवर

वरच्या क्लासमध्ये ॲक्सेसर-टाइप फील्ड असा ठेवला आहे. तो लिहिला नाही तर जॅक्सबी पब्लिक गेटर-सेटरच्या जोड्या आणि पब्लिक फील्ड विचारात घेते. अशा वेळी प्रायव्हेट फील्डवर ॲनोटेशन दिले आणि त्याच नावाचा गेटर-सेटरही असला, तर एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टी असल्याचे एक्सेप्शन येते. ही चूक निदान दिसते तरी. संग्रहाच्या गेटरमधून होणाऱ्या चुका यापेक्षा घातक असतात, आणि त्या समजण्यासाठी एक्सएमएल वाचताना यादी कशी भरली जाते ते पाहावे लागेल.

रनटाइम आधी ऑब्जेक्टकडे असलेली यादी मागते. ती नल असेल तर नवी यादी तयार करून सेट करते. मग ती यादी रिकामी करते आणि एकेक घटक तिच्यात घालत जाते. या क्रमातून चार परिणाम निघतात. गेटर यादीची प्रत परत देत असेल तर सगळे थांबे त्या प्रतीत जातात, मूळ यादी रिकामी राहते आणि कुठेही तक्रार नोंदली जात नाही. गेटर बदलता न येणारी यादी देत असेल, किंवा फील्डला ‘लिस्ट.ऑफ’ने सुरुवातीची किंमत दिली असेल, तर यादी बदलण्याचा प्रयत्न फसतो. सेटरमध्ये ‘किमान दोन थांबे हवेत’ अशी तपासणी लिहिली असेल तर ती निरर्थक ठरते, कारण सेटर बोलावला गेला तरी तेव्हा यादी रिकामीच असते. आणि कन्स्ट्रक्टरमध्ये यादीत आधीच घातलेले घटक वाचताना पुसले जातात.

फील्डमधून प्रवेश दिला की गेटर हवा तसा सुरक्षित ठेवता येतो, त्यातून प्रत किंवा न बदलणारी यादी देता येते, आणि जॅक्सबीचा त्याच्याशी संबंधच येत नाही. फील्डवर मात्र ॲरे-लिस्टसारखी बदलता येणारी यादी हवी.

नाव दिसते तेच असते असे नाही

आता मार्गात फेऱ्यांची यादी घालू. टॅगचे नाव अर्थातच ‘फेऱ्या’. या शब्दातले ‘ऱ्य’ टंकित करण्याच्या एकाहून अधिक पद्धती रूढ आहेत. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण एक्सएमएल टॅगच्या नावांची तुलना कोडपॉइंटनुसार करते, त्यामुळे तिच्या लेखी हे दोन वेगळे टॅग आहेत. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरणही हा फरक मिटवत नाही. ते ‘र’ आणि नुक्ता यांपासून केलेला ‘ऱ’ एकसारखा करते, जॉइनर मात्र तसाच राहतो.

पुढे काय घडते हे पार्सरवर अवलंबून आहे. एक्सएमएल १.० च्या चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या नियमांत नावांमध्ये जॉइनर चालत नव्हता आणि २००८ च्या पाचव्या आवृत्तीपासून तो चालतो. जुने नियम पाळणारा पार्सर अशी फाइल नाकारतो, म्हणजे चूक लगेच कळते. नवे नियम पाळणारा ती स्वीकारतो, जॅक्सबीला तो टॅग अनोळखी वाटतो, ती त्याला वगळते आणि फेऱ्यांची यादी रिकामी येते. देवनागरी नावे वापरायचीच असतील तर ती एका क्लासमध्ये स्थिरांक म्हणून लिहावीत, सगळीकडे तेच स्थिरांक वापरावेत आणि अशी जोडाक्षरे शक्यतो टाळावीत. बाहेरच्या संस्थेशी फाइलची देवघेव असेल तर टॅग रोमन लिपीत ठेवणेच श्रेयस्कर. मजकूर देवनागरीत असायला कसलीच अडचण नाही.

अंकांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. एक्सएमएल स्कीमाच्या, म्हणजे फाइलची रचना ठरवणाऱ्या नियमावलीच्या, पूर्णांकात 0 ते 9 हेच अंक चालतात. क्लासमध्ये ‘इंट’ असेल आणि फाइलमध्ये ‘५०’ असे देवनागरीत लिहिले असेल तर ते रूपांतर फसते, आणि वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर फील्डमध्ये मुकाट्याने शून्य राहते.

एका यादीत अनेक प्रकार

फेऱ्या साध्या असतात, निमआराम असतात, शिवनेरी असतात. ‘फेरी’ हा मूळ क्लास आणि हे त्याचे उपक्लास असे धरले, तर यादीचा प्रकार ‘लिस्ट<फेरी>’ असा असेल. एवढ्यावर सोडले तर जॅक्सबी सगळ्यांना एकच टॅग देते आणि उपक्लास ओळखता यावा म्हणून त्यावर एक्सएसआय-टाइप हे ॲट्रिब्यूट लिहिते. त्यासाठी मूळ क्लासवर एक्सएमएल-सी-ऑल्सो देऊन उपक्लासांची ओळख करून द्यावी लागते, एरवी ते कॉन्टेक्स्टला ठाऊकच नसतात. ‘फेरी’ हा इंटरफेस असेल तर जॅक्सबी इंटरफेस हाताळू शकत नाही असे सांगून थांबते. दोन्ही अडचणींवर मला आवडणारा उपाय म्हणजे एक्सएमएल-एलिमेंट्स:

```
@एक्सएमएल-एलिमेंट-रॅपर(नेम = "फेऱ्या")
@एक्सएमएल-एलिमेंट्स({
    @एक्सएमएल-एलिमेंट(नेम = "साधी", टाइप = साधीफेरी.क्लास),
    @एक्सएमएल-एलिमेंट(नेम = "निमआराम", टाइप = निमआरामफेरी.क्लास),
    @एक्सएमएल-एलिमेंट(नेम = "शिवनेरी", टाइप = शिवनेरीफेरी.क्लास)
})
प्रायव्हेट लिस्ट<फेरी> फेऱ्या = न्यू ॲरे-लिस्ट<>();
```

लिहिताना ऑब्जेक्टच्या खऱ्या क्लासवरून टॅग निवडला जातो आणि वाचताना टॅगवरून क्लास. साध्या आणि निमआराम फेऱ्या एकाआड एक असल्या तरी त्यांचा क्रम टिकतो. फाइल वाचणाऱ्या दुसऱ्या बाजूलाही एक्सएसआय-टाइपसारखी जॅक्सबीची खूण समजून घ्यावी लागत नाही. नवा प्रकार आला की या यादीत एक ओळ वाढवावी लागते. प्रकार वारंवार वाढणार असतील तर एक्सएमएल-एलिमेंट-रेफ वापरावा. त्यात टॅगचे नाव त्या त्या उपक्लासच्या रूट एलिमेंटवरून घेतले जाते.

मॅप आणि ॲडॅप्टर

तिकिटातल्या सवलती प्रवासी-गटानुसार असतात. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो, आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना त्याआधीपासून मोफत. गट आणि टक्के अशा जोड्या ठेवायला मॅप सोयीचा. जॅक्सबी मॅप उतरवते खरी, पण प्रत्येक जोडीभोवती एंट्री आणि तिच्या आत की व व्हॅल्यू असे ठरावीक टॅग घालते, आणि त्यांची नावे ॲनोटेशनने बदलता येत नाहीत. हवे आहे ते असे:

```
<सवलती>
  <सवलत गट="महिला" टक्के="50"/>
  <सवलत गट="अमृत ज्येष्ठ" टक्के="100"/>
</सवलती>
```

यासाठी आधी ‘सवलत’ हा लहान क्लास लिहावा आणि त्यातली दोन्ही फील्ड ॲट्रिब्यूट करावीत. मग ‘सवलतयादी’ हा क्लास लिहावा, त्यात रॅपर न देता ‘लिस्ट<सवलत>’ ठेवावी आणि एलिमेंटचे नाव ‘सवलत’ द्यावे. तिसऱ्या टप्प्यात एक्सएमएल-ॲडॅप्टरपासून नवा क्लास काढावा. त्याचा पहिला प्रकार फाइलमध्ये दिसणारा, म्हणजे सवलतयादी, आणि दुसरा मेमरीत राहणारा, म्हणजे मॅप. मार्शल मेथडमध्ये मॅपवरून यादी बनवावी आणि अनमार्शलमध्ये, म्हणजे एक्सएमएल परत वाचताना, यादीवरून मॅप. मॅपची जागा लिंक्ड-हॅश-मॅपला द्यावी, म्हणजे फाइलमधला क्रम राहतो. शेवटी ‘सवलती’ या फील्डवर एक्सएमएल-जावा-टाइप-ॲडॅप्टर देऊन हा क्लास जोडावा.

मार्शल मेथडकडे नल येऊ शकतो, तेव्हा पहिल्याच ओळीत तो तपासून नल परत द्यावा. अनमार्शल मेथडमधून फेकलेले एक्सेप्शन मूलतः गिळले जाते. एकच गट दोनदा आल्यास ॲडॅप्टरने एक्सेप्शन फेकले तरी वाचन पुढे चालू राहते आणि सवलतींचा मॅप मिळतच नाही. त्यावरचा उपाय पुढे येतो. जावाच्या नव्या तारीख-वेळ क्लासांच्या याद्यांनाही ॲडॅप्टरच लागतो. तिथे तो यादीऐवजी एकेका घटकाला लागू होतो.

सेट आणि जागा सोडून लिहिलेली यादी

सुविधांसाठी सेट घेतला तर फील्डला सुरुवातीलाच लिंक्ड-हॅश-सेट द्यावा. फील्ड नल असेल तर रनटाइम हॅश-सेट तयार करते आणि क्रम जातो. एक्सएमएल-लिस्ट हे ॲनोटेशन साध्या किमती एकाच टॅगमध्ये जागा सोडून लिहिते. ‘सोम बुध शुक्र’ अशा वारांसाठी ते चालते. थांब्यांच्या नावांसाठी कधीच वापरू नये, कारण ‘पेठ नाका’ परत वाचताना ‘पेठ’ आणि ‘नाका’ असे दोन थांबे होतात.

एकच थांबा अनेक मार्गांत

सातारा थांबा कितीतरी मार्गांत येतो. प्रत्येक मार्गात त्याची पूर्ण माहिती लिहिली तर परत वाचताना प्रत्येक मार्गाला वेगळा सातारा मिळतो. अशा वेळी मार्गसूचीत सगळे थांबे एकदाच लिहावेत, थांब्याच्या ‘संकेत’ या स्ट्रिंग फील्डवर एक्सएमएल-आयडी द्यावा आणि मार्गातल्या यादीवर एक्सएमएल-आयडी-रेफ. मग मार्गात नुसते संकेत लिहिले जातात आणि वाचताना ते एकाच ऑब्जेक्टकडे जोडले जातात. आयडीची किंमत अंकाने सुरू होता कामा नये, नाहीतर स्कीमा पडताळणीत ती बाद होते. म्हणूनच वर ‘थ1’ असे संकेत घेतले आहेत.

फेरीकडे तिच्या मार्गाचा उलटा संदर्भ असेल तर मार्शल करताना चक्र सापडल्याची चूक येते. त्या फील्डवर एक्सएमएल-ट्रान्झियंट द्यावे आणि फेरीच्या क्लासमध्ये आफ्टर-अनमार्शल ही मेथड लिहावी. रनटाइम तिला पालक ऑब्जेक्ट देते, तो फील्डमध्ये ठेवला की दुवा पूर्ण होतो.

गप्प चुका बोलत्या करणे

आतापर्यंत आलेल्या मुक्या चुकांपैकी अनोळखी टॅग, न जुळणारे अंक आणि ॲडॅप्टरमधली एक्सेप्शन या तिन्हींवर एकच उपाय लागू पडतो. अनमार्शलरला सेट-इव्हेंट-हँडलरने स्वतःचा हँडलर द्यावा आणि त्याने प्रत्येक घटनेला ‘फॉल्स’ परत द्यावे. मग अशी पहिलीच घटना वाचन थांबवते आणि ‘अनपेक्षित एलिमेंट’ या संदेशात नावाबरोबर नेमस्पेसही (टॅग कोणत्या नावसमूहातला आहे ते) दिसते. नेमस्पेस दिसणे मोलाचे आहे. फाइलमध्ये ती असेल आणि पॅकेज-इन्फो फाइलमधल्या एक्सएमएल-स्कीमा ॲनोटेशनमध्ये नसेल, तर नावे तंतोतंत जुळूनही याद्या रिकाम्याच येतात. गाळलेले टॅग मात्र हँडलरला कळत नाहीत. त्यासाठी सेट-स्कीमाने स्कीमा जोडावी लागते.

याच्या जोडीला एक चाचणी असावी: ऑब्जेक्ट तयार करून मार्शल करायचा, परत वाचायचा आणि दोन्हींतल्या यादीतले घटक क्रमाने ताडून पाहायचे. या चाचणीत एक यादी रिकामी, एक नल आणि एक मिश्र प्रकारांची असावी. प्रत देणाऱ्या गेटरची चूक हँडलरला दिसत नाही, ती या चाचणीतच सापडते.

फाइल मोठी असेल तेव्हा

जॅक्सबी कॉन्टेक्स्ट तयार करणे खर्चिक असते, पण तो अनेक थ्रेडमध्ये सुरक्षितपणे वापरता येतो, म्हणून एकदाच करून जपून ठेवावा. मार्शलर आणि अनमार्शलर मात्र थ्रेडमध्ये वाटून घेऊ नयेत, प्रत्येक कामासाठी नवे घ्यावेत.

हजारो मार्गांची फाइल एकदम वाचली तर सगळा संग्रह मेमरीत येतो. त्याऐवजी एक्सएमएल-स्ट्रीम-रीडरने फाइल उघडावी, ती बाहेरून आलेली असेल तर डीटीडीचा (एक्सएमएलच्या जुन्या रचना-नियमांचा) आधार बंद करावा, आणि ‘मार्ग’ हा सुरुवातीचा टॅग आला की रीडर व मार्ग क्लास देऊन तेवढाच भाग अनमार्शल करावा. अनमार्शल झाल्यावर रीडर त्या मार्गाच्या शेवटच्या टॅगच्याही पुढच्या टोकनवर उभा असतो. लूपमध्ये तिथून डोळे झाकून ‘नेक्स्ट’ बोलावले तर ओळी सोडून मांडलेल्या फाइलमध्ये काही बिघडत नाही, कारण मधली मोकळी जागाच ओलांडली जाते. तीच फाइल सलग एका ओळीत आली तर पुढच्या मार्गाचा सुरुवातीचा टॅग ओलांडला जातो आणि प्रत्येक दुसरा मार्ग गळतो. म्हणून अनमार्शल झाल्यानंतर आधी रीडर कुठल्या टोकनवर आहे ते तपासावे, तो नव्या मार्गाच्या सुरुवातीवर नसेल तरच ‘नेक्स्ट’ बोलवावे, आणि चाचणी फॉर्मॅटेड-आउटपुट चालू ठेवून व बंद ठेवून तयार केलेल्या दोन्ही फाइलींवर घ्यावी.